कोडच्या पानांवर तारीख कोणी छापली?

"प्रिंटर वेडा झालाय. एका पानाचं पत्र दिलं, तर थांबायचं नावच घेत नाहीये." हिशेब विभागातून आलेला निरोप एवढाच होता. मी पोहोचेपर्यंत कोणीतरी ट्रे ओढून कागद काढून घेतला होता आणि शेजारच्या टेबलावर पानांचा ढीग लागला होता. पानांवर पत्राचा एक शब्द नव्हता. होते ते कंस, तिरक्या रेघा, आकडे आणि मधूनच 'मूव्हटू', 'फाइंडफाँट', 'शोपेज' असे शब्द. म्हणजे पोस्टस्क्रिप्ट. पान कसं काढायचं हे प्रिंटरला सांगणारा प्रोग्रॅम चालवला न जाता जसाच्या तसा कागदावर उतरला होता.

मांडणी अशी होती. मजल्यावर एकच लेझर प्रिंटर, स्वतःचं नेटवर्क कार्ड असलेला. एका बाजूला युनिक्सवाले: दोन लिनक्स मशीन आणि एक जुनं फ्रीबीएसडी. दुसऱ्या बाजूला दहाएक विंडोज संगणक. मध्ये ते फ्रीबीएसडी मशीनच प्रिंट सर्व्हर म्हणून बसलेलं. त्यावर एलपीडी चालायचा, म्हणजे बर्कलेच्या काळापासूनचा, पोर्ट ५१५ वर कान लावून बसणारा प्रिंट डीमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम). त्याची बोलण्याची रीत १९९० साली आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून ठेवली गेली, पण ती आधीपासून चालत आलेली होती. नवीन काही ठरवण्यापेक्षा चालू असलेलं नोंदवून ठेवणारा तो कागद आहे, आणि त्यातल्या काही खाचाखोचा या प्रकरणात आपल्याला भेटणार आहेत.

विंडोज संगणकांवर प्रिंटर जोडताना 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घेऊन, त्यात एलपीआर (एलपीडीला काम पाठवण्याची रीत) निवडून, सर्व्हरचा पत्ता आणि क्यूचं, म्हणजे कामांच्या रांगेचं, नाव दिलेलं होतं. सर्व्हर ते काम घेऊन आपल्या स्पूल डिरेक्टरीत (रांगेतली कामं साठवायच्या जागी) ठेवायचा आणि क्रमाने प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर, म्हणजे थेट बाइट घेणाऱ्या दारावर, सोडायचा. अशी घडी कित्येक वर्षं बसलेली होती.

तक्रारीबरोबर निकालही तयारच होता, तोही दोन. विंडोजवाले म्हणाले, "अहो, तो जुना सर्व्हर टाकून द्या. थेट प्रिंटरला पाठवलं की छान येतं." युनिक्सवाले म्हणाले, "आमच्याकडून तर कधीच असं होत नाही, विंडोजचा ड्रायव्हरच बिघडलाय." दोघंही खरं बोलत होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात तेव्हा दोष बहुधा मधल्या सांध्यात असतो. पण तेव्हा मला ते सुचलं नाही आणि मी नेहमीच्या रस्त्याने निघालो.

प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशनचं पान काढलं. पत्ता बरोबर, मेमरी बरोबर, पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल दोन्ही भाषा हजर. सर्व्हरवरून पिंग केलं, उत्तर आलं. मग जोडणीवर कच्चे बाइट सोडणाऱ्या नेटकॅट कमांडने ९१०० वर साध्या मजकुराच्या चार ओळी सोडल्या. प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहिला आणि कागद काही येईना. हे ठाऊक नसलेला माणूस इथेच तासभर घालवतो. पान भरलं नसेल आणि शेवटी फॉर्मफीडचा बाइट आला नसेल, तर प्रिंटर अर्धं पान पोटात धरून बसतो. पॅनेलवरून पान बाहेर काढलं, तर अक्षरं जिन्यासारखी उतरत गेलेली: पहिली ओळ डावीकडे, दुसरी ती संपली तिथून खाली, तिसरी त्याहून उजवीकडे. युनिक्सची ओळ फक्त लाइनफीडने संपते. विंडोज त्याच्याआधी कॅरेज रिटर्नही पाठवतं. प्रिंटरला कॅरेज रिटर्न दिसला नाही, की तो खाली सरकतो पण डावीकडे परतत नाही.

हा जिना बघूनच माझं लक्ष पुन्हा त्या ढिगाकडे गेलं.

ढिगातल्या पानांवर जिना नव्हता. कोड अगदी शिस्तीत मांडलेला होता. समास सारखे, ओळी सरळ, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख आणि पान क्रमांक. प्रिंटरने स्वतः गोंधळून पोस्टस्क्रिप्टला मजकूर समजलं असतं, तर त्याने तारीख कुठून आणली असती? त्याच्याकडे ती छापण्याचं काही कारणच नाही. म्हणजे कोणीतरी प्रिंटरच्या आधी हा कोड उघडून पाहिला होता, त्याला साधा मजकूर ठरवला होता, नीटनेटकी पानं बांधली होती आणि मग पुढे पाठवला होता. प्रिंटर बिचारा सांगितलं तेच करत होता. कागदाकडे पाहण्याची सवय आपली मोडलीय. आपण थेट सेटिंगच्या खिडक्या उघडतो. या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा मात्र पहिल्या मिनिटापासून टेबलावर पडलेला होता. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत तर '%-१२३४५एक्स@पीजेएल' असंही छापलेलं होतं. त्याच्याकडे पुढे येतोच.

पानं बांधणारा कोण, हे शोधायला वेळ लागला नाही. क्यूंची माहिती ठेवणाऱ्या प्रिंटकॅप फाइलमध्ये क्यूच्या नोंदीत 'इफ' या नावाने एक इनपुट फिल्टर लावलेला होता. छोटीशी शेल स्क्रिप्ट. पूर्वी कोणीतरी त्या जिन्याला कंटाळून लिहिलेली. येणाऱ्या कामाची पहिली ओळ वाचायची. तिची पहिली दोन अक्षरं '%!' असतील तर ते पोस्टस्क्रिप्ट, जसंच्या तसं सोडायचं. नसतील तर मजकूर समजून एनस्क्रिप्टला द्यायचं, म्हणजे तो त्याची पोस्टस्क्रिप्ट पानं बनवेल. तारीख आणि पान क्रमांक एनस्क्रिप्टच्या पदरचे. स्क्रिप्ट चांगलीच होती. तिने जिना घालवला होता आणि वर्षानुवर्षं कोणाला तिची आठवणही झाली नव्हती.

आता प्रश्न असा, की विंडोजकडून येणारं पोस्टस्क्रिप्ट तिला मजकूर का वाटावं? तर्क करत बसण्यापेक्षा काम रस्त्यातच अडवून उघडून पाहणं सोपं. एलपीडीमध्ये याची उत्तम सोय आहे. एलपीसी कमांडला 'स्टॉप' सांगितलं, की हातातलं काम संपवून छपाई थांबते, पण नवी कामं घेणं चालू राहतं. ('डिसेबल' सांगितलं तर उलटं होतं, कामं घेणंच बंद. ही अदलाबदल मी एकदा केलेली आहे, म्हणून सांगतो.) क्यू थांबवली आणि ज्यांचं पत्र होतं त्या हिशेब विभागातल्या मॅडमना म्हटलं, "तेच पत्र परत द्या." मग शेजारच्या, कधीच त्रास न दिलेल्या संगणकावरून तेच पत्र पाठवलं. स्पूल डिरेक्टरीत प्रत्येक कामाच्या दोन फाइली येऊन पडल्या: 'डीएफ'ने सुरू होणारी खऱ्या मजकुराची आणि 'सीएफ'ने सुरू होणारी हुकमाची.

दोन्ही डेटा फाइलींचे पहिले काही बाइट, ते आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्सडंपने पाहिले. शेजारच्या संगणकाची फाइल २५ २१ ने सुरू होत होती, म्हणजे '%!'. मॅडमच्या संगणकाची सुरू होत होती १बी या बाइटने, म्हणजे एस्केप, आणि त्यापुढे '%-१२३४५एक्स'. हा प्रिंटरच्या दुनियेतला सर्वमान्य 'आधीचं सगळं सोडा आणि माझं ऐका' असा इशारा आहे. त्यापाठोपाठ पीजेएल या कामाच्या भाषेतल्या काही ओळी होत्या: कामाचं नाव, आणि 'आता पोस्टस्क्रिप्ट भाषेत शिरा'. त्यानंतर मग '%!'. मॅडमचा संगणक नुकताच बदलला होता, त्याच्यावर नवा ड्रायव्हर आला होता, आणि नवा ड्रायव्हर कामाच्या आधी हा पीजेएलचा उंबरठा बांधत होता. काहीच चूक नाही त्यात. प्रिंटरला तो समजतो, म्हणून थेट पाठवलं की सुरेख छापून येतं. आमच्या स्क्रिप्टला मात्र उंबरठ्यावरच ठेच लागली. दोन अक्षरं जुळली नाहीत, की तिच्या लेखी तो मजकूर.

याच आजाराचं आणखी जुनं रूप म्हणजे कंट्रोल-डी. विंडोजच्या पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरमध्ये 'प्रत्येक कामाआधी कंट्रोल-डी पाठवा' अशी एक निवड असते. सिरीयल केबलच्या काळात कामाचा शेवट कळावा म्हणून ती खूण लागायची. ती चालू असेल तर '%!'च्या आधी ०४ हा एक बाइट येतो आणि परिणाम हाच.

मग हुकमाची फाइल उघडली, आणि मला माझ्याच सर्व्हरची थोडी लाज वाटली. या फाइलीत प्रत्येक ओळ एका अक्षराने सुरू होते: कोणाच्या मशीनवरून आलं, कोणी पाठवलं, कामाचं नाव काय. त्यातलंच एक अक्षर सांगतं की फाइल कशी छापायची. छोटा 'एफ' म्हणजे साधा मजकूर, वळण लावून छापा. छोटा 'एल' म्हणजे नियंत्रण-अक्षरांसकट आहे तशी छापा, हात लावू नका. विंडोजकडून आलेल्या दोन्ही कामांवर 'एल' होतं. म्हणजे पाठवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं, आणि एलपीडीनेही ते पुढे पोचवलं होतं: 'एल' असलेल्या कामासाठी तो फिल्टरला '-सी' हा पर्याय देऊन बोलावतो. आमची स्क्रिप्ट मात्र आपल्याला दिलेले पर्याय कधी वाचतच नव्हती. ती फक्त पहिल्या दोन अक्षरांवरून अंदाज बांधायची. इतकी वर्षं सगळ्या ड्रायव्हरांची सुरुवात '%!' ने होत गेली, म्हणून अंदाज बरोबर ठरत गेला.

राहता राहिला प्रश्न 'कधी कधी'चा. मॅडम शपथेवर सांगत होत्या की याच संगणकावरून सकाळी नीट प्रिंट आली होती. त्यांच्या प्रिंटरच्या यादीत पाहिलं, तर जवळजवळ सारख्या नावाचे दोन प्रिंटर. एक सर्व्हरच्या क्यूवर जाणारा आणि दुसरा थेट प्रिंटरच्या ९१०० वर. संगणक बसवताना कोणीतरी 'चालतंय का बघू' म्हणून जोडलेला आणि मग तसाच राहिलेला. प्रोग्रॅम शेवटचा वापरलेला प्रिंटर लक्षात ठेवतो, त्यामुळे एका प्रोग्रॅममधून पत्र नीट यायचं आणि दुसऱ्यातून कोडचा ढीग.

या थेट रस्त्याने दुसरी एक जुनी कुरकुरही उलगडली. युनिक्सवाल्यांची तक्रार होती की अधूनमधून क्यू पाऊण-पाऊण तास अडते. क्यूची अवस्था दाखवणारी एलपीक्यू कमांड म्हणायची, प्रिंटर जागा व्हायची वाट पाहतेय. पिंग मात्र व्यवस्थित चालायचं, म्हणून त्यांनी नेटवर्कच्या माणसांना दोनदा स्विच बदलायला लावला होता. खरी गोष्ट अशी, की ९१०० या पोर्टला रांग नावाची गोष्ट नाही. जोडणी उघडा, बाइट ओता, जोडणी बंद करा, एवढाच व्यवहार. हा प्रिंटर एका वेळी एकच जोडणी घ्यायचा आणि ती चालू असेपर्यंत इतरांना नकार द्यायचा. पिंगला उत्तर देणारा भाग वेगळा असतो, तो कितीही गर्दीत उत्तर देतो.

आणि जोडणी पाऊण तास धरून कोण बसायचं? नव्या संगणकावरच्या ड्रायव्हरचा मूळ कागद 'लेटर' होता. विंडोज बसवताना प्रदेश निवडायचा राहून गेला, की असं होतं. ट्रेमध्ये ए४. प्रिंटर पॅनेलवर लेटर कागद घाला म्हणून थांबायचा, पाठवणारा माणूस जेवायला गेलेला असायचा, आणि त्याची उघडी जोडणी सगळ्यांचा रस्ता अडवून उभी. (जुन्या काही लेझर प्रिंटरांवर हाच निरोप 'पीसी लोड लेटर' असा यायचा. त्यातलं 'पीसी' म्हणजे पेपर कॅसेट, हे न कळून किती जणांनी आपला संगणक बंद-चालू केला असेल देव जाणे.) सर्व्हरच्या क्यूतून गेलेलं काम अडलं असतं तर निदान एलपीक्यूमध्ये कोणाचं काम डोक्यावर आहे ते दिसलं असतं. थेट आलेल्याचं नाव-गाव सर्व्हरला कळायला मार्गच नव्हता.

दुरुस्ती

फिल्टरमध्ये पहिला बदल असा: पर्यायांमध्ये '-सी' असेल तर काहीही न वाचता काम जसंच्या तसं पुढे सोड. 'न वाचता' हे महत्त्वाचं. शेलची 'रीड' कमांड मजकुरासाठी आहे. बायनरी डेटामधले शून्य बाइट ती गिळते. पहिली ओळ वाचून पुन्हा छापायची जुनी युक्ती पोस्टस्क्रिप्टला चालून गेली, पण पीसीएलमध्ये चित्र आलं की तिथेच एखादा बाइट हरवून पान विस्कटलं असतं. दुसरा बदल 'एफ' म्हणून येणाऱ्या कामांसाठी. काम आधी तात्पुरत्या फाइलीत घेऊन तिच्या सुरुवातीचे बाइट तपासायचे, '%!' असेल, ०४ नंतर '%!' असेल किंवा एस्केपपासून सुरू होणारा तो इशारा असेल, तर हात लावायचा नाही. याची गरज खरोखर होती, कारण विंडोजच्या कमांड लाइनवरची एलपीआर कमांड तिला वेगळं सांगितल्याशिवाय काम मजकूर म्हणूनच पाठवते.

अशा वेळी बहुतेक जण दोन क्यू करायचा सल्ला देतात: मजकुरासाठी फिल्टरची एक, तयार कामांसाठी बिनफिल्टरची दुसरी. सल्ला वाईट नाही, पण मी तो इथे मानला नाही. एलपीडीचं, एका वेळी एकच काम सोडणारं कुलूप क्यूगणिक असतं, प्रिंटरगणिक नाही. एकाच प्रिंटरवर दोन क्यू सोडल्या तर त्या एकमेकींना ९१०० च्या दारात अडवणार, आणि मी तर तीच भांडणं मिटवायला निघालो होतो.

मग थेट रस्ता बंद केला. प्रिंटरच्या नेटवर्क कार्डाच्या पानावर कोणाकडून जोडणी घ्यायची याची यादी असते. तिथे फक्त सर्व्हरचा पत्ता ठेवला. मॅडमचा दुसरा प्रिंटर काढून टाकला, ड्रायव्हरमध्ये ए४ केलं. यादी लावल्यावर तासाभरात आणखी तिघांचे फोन आले. त्यांच्याकडेही थेट जोडलेले प्रिंटर होते, हे असंच कळलं.

त्यातल्या एका लॅपटॉपने शेवटची गंमत केली. एलपीआरवर आणल्यावर त्याचं काम सर्व्हरपर्यंत पोचेना. विंडोज नुसतं 'एरर' म्हणायचं. तो लॅपटॉप सर्व्हरच्या होस्ट्स.एलपीडी फाइलीत (कोणाकडून कामं घ्यायची त्या यादीत) होता. राखीव पोर्टबाहेरून येणाऱ्या जोडण्या घेण्यासाठी एलपीडीला लागणारा मोठा 'डब्ल्यू' पर्यायही आधीपासून दिलेला होता. घोळ आकाराचा होता. एलपीडीच्या रीतीप्रमाणे पाठवणाऱ्याने फाइल किती बाइटची आहे हे आधी सांगावं लागतं. विंडोजच्या पोर्ट सेटिंगमध्ये 'एलपीआर बाइट काउंटिंग' बंद असेल, तर ते मोजण्याची तसदी न घेता एक अवाढव्य खोटा आकडा ठोकून देतं. फ्रीबीएसडीचा एलपीडी सरळमार्गी. तो तेवढी जागा डिस्कवर आहे का बघतो आणि नाही म्हणून दारातूनच परत पाठवतो. बाइट काउंटिंगची खूण केली, काम आलं. त्याच खिडकीत एसएनएमपीची (प्रिंटरची अवस्था विचारण्याच्या रीतीची) खूणही काढली. सर्व्हरवर एसएनएमपी चालत नव्हतं, आणि विंडोजला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही की ते धडधाकट प्रिंटरला 'ऑफलाइन' ठरवतं.

एवढं सगळं करण्यापेक्षा कप्स, म्हणजे युनिक्सवरची नवी छपाई व्यवस्था, का बसवलं नाही, असं मला विचारलं गेलं. रास्त प्रश्न आहे. १९९९ पासून असलेलं कप्स कामाचा प्रकार ओळखायला बाइटांच्या नियमांची मोठी यादी बाळगतं. कंट्रोल-डी आणि पीजेएल दोन्ही उंबरठे त्याला माहीत आहेत. आणि मायक्रोसॉफ्टनेही विंडोज सर्व्हर २०१२ पासून एलपीडी-एलपीआर ही वाट सोडून द्यायची म्हणून जाहीर केलेली आहे. पण त्या फ्रीबीएसडी मशीनवर इतर कामं चालतात, आणि एका शेल स्क्रिप्टच्या चुकीसाठी ते सगळं हलवायला मी तयार नव्हतो. शिवाय कप्स आलं म्हणून हा प्रश्न टळतोच असं नाही. विंडोजची कामं सांबातून (विंडोजशी त्याच्याच रीतीने बोलणाऱ्या युनिक्सवरच्या प्रोग्रॅममधून) कप्सकडे येत असतील आणि कप्सच्या एरर लॉगमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम हा प्रकार चालत नाही' अशी ओळ दिसत असेल, तर तिथेही तयार कामाला कोणीतरी पुन्हा उघडून पाहतंय असंच समजायचं. सांबाच्या सेटिंगमध्ये 'कप्स ऑप्शन्स' पुढे 'रॉ' लिहिलं की ते थांबतं.

तपासणी दोन्ही बाजूंनी केली. लिनक्सवरून साधा मजकूर: जिना नाही, माथ्यावर तारीख आहे. लिनक्सवरून पोस्टस्क्रिप्ट: ठीक. मॅडमच्या संगणकावरून ते पत्र: एक पान, आणि त्यावर पत्रच. मग मुद्दाम लेटर कागदाचं एक काम पाठवून प्रिंटर अडवला. क्यू अडली, पण या वेळी एलपीक्यूमध्ये कोणाचं काम अडलंय ते नावासकट दिसलं.

एक गैरसोय मात्र उरली. सर्व्हरने काम घेतलं की विंडोजच्या लेखी ते छापून झालेलं असतं. कागद संपला तरी त्या माणसाला त्याच्या पडद्यावर कळत नाही. विंडोजमध्ये एलपीक्यू कमांड वेगळी चालू करून घेता येते. ती मॅडमच्या संगणकावर चालू केली आणि सर्व्हरचं व क्यूचं नाव घातलेला एक शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला. त्या आता प्रिंटरपर्यंत चालत जाण्याआधी तो उघडून बघतात, आणि युनिक्सवाल्या कोणाचं मोठं काम डोक्यावर असेल तर त्याला नावाने फोन करतात.